तो माणूस ऑन अ बायसिकल होता

प्रिय ठमे,

पत्र वाचायच्या आधी शिट्टीकाकाला आत घे, बसव, पाणी दे, आणि त्याला काही विचारू नकोस. तू शेवटची ओळ वाचेपर्यंत तोंडातून ब्र काढायचा नाही अशी शपथ मी त्याला घातलीय. बावीस वर्षं माझ्या गाडीवर कंडक्टर आहे, बोलल्याशिवाय मिनिटभर राहत नाही, तेव्हा त्याच्यावर हा केवढा जुलूम चाललाय ते समजून घे. आणि जावईबापूंना लगेच फोन लावू नकोस. सोमवारी माझी चौकशी आहे, ते वकील म्हणून माझ्या बाजूने उभे राहणार आहेत, कागद तयार आहेत, सगळं मला माहीत आहे. तरी आधी वाच. राग आला तर पत्र फाड, पण पूर्ण वाचून फाड.

तुला जेवढं माहीत आहे तेवढं आधी लिहितो. मागच्या बुधवारी दवाखान्यासमोरच्या थांब्यावरून मी बस काढली. तिथून तीस पावलांवर डावीकडे वळण आहे. वळताना एक सायकलवाला पुढच्या डाव्या चाकाशी आला. शाळेतला शिपाई आहे तो, घरी जेवायला निघाला होता. पाय दोन ठिकाणी मोडला, पण जीव वाचला. शिट्टी रजेवर होता म्हणून त्याच्या जागी नवी कंडक्टर पोरगी होती, नोकरीला चारच महिने झालेली, अजून कायम न झालेली. माझ्या जबाबात लिहिलंय की सायकलवाला थांब्यावरच दाराला चिकटून उभा होता आणि पोरीने न बघता दोन घंट्या दिल्या, म्हणून मी गाडी काढली आणि तो कडेने तसाच वळणापर्यंत आला. सोमवारी हे मान्य झालं तर ती पोरगी घरी बसणार, आणि मी कंट्रोल रूमच्या खुर्चीत बसून दोन वर्षांनी पेन्शन घेणार. मान्य झालं नाही तर मी घरी, पेन्शनचं काय होईल देव जाणे. दोघांपैकी एकाचं घर बसणार हे नक्की. तू परवा फोनवर म्हणालीस, ती तरुण आहे बाबा, तिला दुसरीकडे मिळेल, तुम्हाला या वयात कोण विचारणार? मी हूं म्हणालो. त्या हूंने माझी झोप उडालीय.

ठमे, ते घंटीचं खोटं आहे. पोरीने दाराशी बघितलं होतं, पायरी मोकळी होती, तिने बरोबर घंटी दिली. सायकलवाला नंतर आला, वळणावर. आणि तो डाव्या आरशात अख्खाच्या अख्खा दिसत होता. ज्याला दिसतं त्याला.

थांब, घाईने काही ठरवू नकोस. हे कुठून सुरू झालं ते तुला कळायला हवं, कारण त्यात तूही आहेस, तुझ्या नकळत. कंट्रोल रूमच्या जागेसाठी तोंडी परीक्षा इंग्रजीत, वायरलेसवर सगळे इंग्रजीत बोलतात म्हणून, आणि मी आपला आठवीतून उठलेला. तू दर रविवारी यायचीस, शंभर पानी वही आणि लाल पेन घेऊन. पहिल्याच रविवारी वाहनांपाशी आपलं घोडं अडलं. ऑन द बस, ऑन द ट्रेन, पण इन द कार, इन अ टॅक्सी. कशाने आलो ते नुसतं सांगायचं तर बाय बस, बाय कार. आणि पायी आलो तर बाय नाही, ऑन फुट! मी म्हटलं, हा काय तमाशा आहे? सव्वीस वर्षं बसच्या आत बसून चालवतोय आणि आता म्हणे ऑन! मी काय टपावर बसतो? तू पोट धरून हसलीस. मग तूच युक्ती काढून दिलीस, की ज्यात उभं राहून दोन पावलं चालता येतं ते ऑन, ज्यात वाकून शिरावं लागतं ते इन, आणि ज्यावर टांग टाकून बसायचं ते पुन्हा ऑन. लहानपणी आईची शिलाईच्या कारखान्यात दुसरी पाळी असायची, तुला ठेवायला जागा नव्हती, तेव्हा तू इंजिनाशेजारच्या सीटवर बसून दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकलीस. आता तू माझ्या वहीत लाल गोल काढत होतीस. मला त्या लाल गोलांची लाज वाटायची आणि मनातून बरंही वाटायचं.

ती वही मी गाडीवर न्यायचो. शिट्टीला ऑन आणि इनचं सांगितलं तर तो म्हणाला, यात नवल काय, आपणही म्हणतोच की, मी अमक्या गाडीवर आहे. पासिंजर गाडीत, आपण गाडीवर. साहेबाने आपल्याकडूनच उचललंय हे. मग त्याने खेळ सुरू केला. माझ्या पाठीमागच्या दांडीला धरून उभा राहायचा, डावीकडच्या काचेतून बघायचा आणि मास्तरासारखा ओरडायचा. तो माणूस कशात? मी म्हणायचो, इन अ टॅक्सी. ती बाई? ऑन फुट. तो दाढीवाला? ऑन अ बायसिकल. रोजचे पासिंजर हसायचे, काही जण माझ्याआधीच उत्तर द्यायचे. एक आजी तर उतरताना मला विचारायची, आज मी कशाने आले सांग पाहू. सगळ्यांना वाटायचं ड्रायव्हर अभ्यास करतोय. तुलाही आम्ही हे मिरवून सांगितलं होतं आणि तू शाळेत तुझ्या वर्गातल्या मुलांना सांगितलंस.

ठमे, तो अभ्यास होताच. पण नुसता अभ्यास नव्हता. माझ्या डाव्या डोळ्याची बाजू गेलीय. काचबिंदू म्हणतात त्याला. समोरचं लख्ख दिसतं, डॉक्टरांच्या तक्त्यावरचं बारीकातलं बारीक अक्षर वाचतो, म्हणून डेपोच्या वार्षिक तपासणीत मी पास झालो. पण कडेचं दिसत नाही. डावीकडे कोणी उभं असेल तर ते माझ्यापुरतं नसतंच. तू एकदा माझ्या डाव्या हाताशी चहाचा कप ठेवलास आणि मी तो उडवला, तू म्हणालीस, बाबा म्हातारे झाले. मी तेव्हा घाबरलो होतो आणि हसलो. नऊ महिन्यांपूर्वी गावाच्या दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, थेंब घातलेत तर राहिलेलं टिकेल, दर दुसऱ्या शनिवारी दाखवायला या, आणि बस आजपासून बंद. मी शिट्टीला सांगितलं. दुसऱ्या कुणालाही नाही. लोक म्हणतात डोळ्यात तेल घालून काम करावं, मी थेंब घालून करत होतो.

तर खेळाचा खरा नियम असा होता. शिट्टीने विचारलं की डावीकडे कुणीतरी आहे. तो गप्प असला की रस्ता मोकळा. इतकं सोपं. आधी तो नुसतं हळूच डावीकडे, डावीकडे म्हणायचा, पण पासिंजर बघायला लागले होते. तुझी वही आली आणि आमचं काम झालं, कुणाला संशयही येईना. कंट्रोल रूमची जागा मिळेपर्यंत काढू म्हणालो, सहा-आठ महिन्यांचा तर प्रश्न. आठ महिने आम्ही एक ओरखडाही येऊ दिला नाही, आणि मला त्याचा गर्व होता बघ. चाळीस-पन्नास माणसं पाठीशी घेऊन अर्धवट डोळ्यांनी फिरत होतो आणि वर गर्व!

तोंडी परीक्षा झाली त्या गुरुवारी शिट्टी माझ्यासोबत आला होता, बाहेर बाकड्यावर बसून माझ्यापेक्षा जास्त घामाघूम झाला. साहेबांनी विचारलं, घरून डेपोत कसे येता, अपघात झाला तर काय कळवाल, कोण कशात होतं, कोण कशावर. मी एकदाही अडखळलो नाही. शुक्रवारी शिट्टीच्या बहिणीचं ऑपरेशन ठरलं आणि तो पंधरा दिवसांच्या रजेवर निघाला. जाताना हात धरून म्हणाला, तूही रजा टाक, माझं ऐक. मी म्हटलं टाकतो. टाकली नाही, कारण शिल्लक रजा परीक्षेच्या तयारीत संपवली होती, बिनपगारी मागितली तर कारण सांगावं लागलं असतं, आणि खाई त्याला खवखवे. वाटलं, पंधराच दिवस तर आहेत. मान जास्त वळवून चालवीन.

सोमवारी ती पोरगी आली. हसतमुख, केस घट्ट बांधलेले, तिकिटाचं यंत्र गळ्यात नवं दप्तर घालावं तसं जपून धरलेलं. शिट्टीकाकाचा खेळ तिला डेपोत कुणीतरी सांगितला होता. पहिल्याच फेरीला म्हणाली, काका, मी विचारू का तुम्हाला इंग्रजी? मला पण येईल थोडं. मी म्हटलं, नको गं, परीक्षा संपली माझी. यापेक्षा मोठी चूक मी आयुष्यात केलेली नाही. ती बिचारी वरमली आणि पुढे तीन दिवस कामापुरतंच बोलली. सोमवारी, मंगळवारी मी मान मोडेपर्यंत डावीकडे वळून बघत होतो. बुधवारी सकाळी निकाल लागला, मी दुसरा आलो. डेपोत सगळ्यांनी पाठ थोपटली, तुला फोन केला तेव्हा तू शाळेच्या व्हरांड्यात ओरडलीस. त्या आनंदात मी होतो. दुपारी दवाखान्याच्या थांब्यावर पोरीने दोन घंट्या दिल्या, मी गाडी काढली, वळणाशी आलो आणि माझे कान सवयीने मागे गेले. मागे काही आवाज नव्हता. मी वळवली.

आवाज कसा येणार? तिला माहीत होतं का, की तिच्या गप्प राहण्याचा मी काय अर्थ लावतोय?

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. मी खाली उतरलोच नाही, ठमे. दोन्ही हात स्टिअरिंगवर धरून बसून राहिलो. उतरली ती. त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसली, आपल्या ओढणीने त्याचा पाय बांधला, त्याच्या बायकोचा नंबर विचारून फोन केला, आणि पोलीस आल्यावर स्वतःहून म्हणाली की घंटी मीच दिली होती. एवढंच तिचं वाक्य. तेच वाक्य आपण धरलं. संध्याकाळी जावईबापूंनी फोनवर सांगितलं तसा मी डेपोचा छापील इंग्रजी फॉर्म भरला. द मॅन वॉज ऑन अ बायसिकल. द पॅसेंजर्स वेअर ऑन द बस. तुला दाखवला असता तर एक लाल गोल काढायला जागा नव्हती. माझ्या हातून लिहिलेलं पहिलं बिनचूक इंग्रजी, आणि त्यातला मुद्दा धडधडीत खोटा. जावईबापूंना दोष देऊ नकोस, त्यांना मी डोळ्याचं सांगितलंच नव्हतं. त्यांना जे दिलं त्यावरून त्यांनी सासऱ्याला वाचवायचं बघितलं.

मी तसाच सोमवारपर्यंत गेलो असतो. खरं सांगतो, गेलो असतो. पण परवा गुरुवारी संध्याकाळी ती पोरगी घरी आली. दारात तिला बघून माझी पाचावर धारण बसली. वाटलं भांडायला आली. आईने तिला खुर्ची दिली, ती टोकावर बसली, मांडीवर एक छोटी वही. म्हणाली, काका, मी दाराकडे बघितलं होतं असं मला आठवतंय, पण तुम्ही सव्वीस वर्षं गाडीवर आहात, तुम्ही म्हणता म्हणजे मीच चुकले असणार. माझं नेमकं काय चुकलं ते सांगा ना. नोकरी जाईल ते जाईल, पण दुसरीकडे कुठे लागले तर परत अशी चूक व्हायला नको. आणि वही उघडून, पेन काढून, माझ्याकडे बघत राहिली. ठमे, ती लिहून घ्यायला बसली होती! मला खोकला आला, मी आत पाणी प्यायला गेलो आणि मोरीशी उभा राहिलो तो ती जाईपर्यंत बाहेर आलो नाही. तुझ्या आईने तिला जिन्यापर्यंत पोचवलं.

परत येऊन आई माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, आता बोला. तिला मी सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती. शेवटी म्हणाली, दर दुसऱ्या शनिवारी गायब होता, चालताना डाव्या बाजूच्या दाराला धडकता, मला वाटलं या वयात दारू प्यायला लागलात, मी तर तुमच्या बहिणीलाही सांगून ठेवलं होतं. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं आणि तिथेच रडूही आलं. मग तिने एकच विचारलं, त्या पोरीच्या जागी आपली ठमी असती तर? आणि घड्या उचलून ती कपाटाकडे गेली.

काल शिट्टी परत आला. त्याला कळल्यापासून तो माझ्याशी नीट बोलत नाहीये, रजा का टाकली नाहीस एवढंच पुन्हा पुन्हा म्हणतो. आज सकाळी दहा वाजता आम्ही दोघं डेपोत गेलो. मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर मी नवा जबाब ठेवला, मराठीतच लिहिलेला. डोळा, नऊ महिने, खेळ, घंटी, सगळं. पहिला जबाब खोटा होता हेही. पोरीची चूक नाही, हे तीनदा लिहिलंय. शिट्टीने स्वतःचा वेगळा कागद दिला, मी नको म्हणत असताना. साहेबांनी दोन्ही कागद वाचले. म्हणाले, काका, पेन्शनची मी हमी देऊ शकत नाही, पोलीसही येतील. मी म्हटलं, येऊ देत. कंट्रोल रूमची जागा गेलीच. तिथून मी दवाखान्यात त्या शिपायाला भेटायला गेलो. त्याने तोंड फिरवलं. त्याच्या बायकोने जा म्हटलं नाही, म्हणून थोडा वेळ उभा राहिलो आणि आलो. आता घरी येऊन हे लिहितोय, शिट्टी समोर घड्याळ बघत बसलाय, त्याला दुपारची गाडी पकडायचीय.

तेव्हा जावईबापूंना सांग, सोमवारी खोट्यासाठी येऊ नका. आले तर खऱ्यासाठी या, मला वकील लागेलच. पण एवढंच सांगायचं असतं तर ठमे, मी फोनही केला असता. हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे आणि ती माझ्या हातून लिहवत नाहीये. त्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, मुलं किती? मी म्हटलं, एकच मुलगी. ते म्हणाले, तिचे डोळे ताबडतोब तपासून घ्या, हा आजार बापाकडून पोरांकडे येऊ शकतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि लवकर कळला तर थेंबांवर थांबतो. मी मान डोलावली आणि घरी आलो. तुला सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, तुम्हाला कसं कळलं बाबा? आणि माझी नोकरी गेली असती. म्हणून नऊ महिने गप्प बसलो. तू दर रविवारी समोर बसून माझ्या चुका तपासत होतीस, मी तुझ्या डोळ्यांकडे बघत होतो आणि गप्प बसत होतो. त्या पोरीचं मी दहा दिवस वाईट केलं, तुझं नऊ महिने. फोनवर तू नुसतं बाबा म्हणाली असतीस तरी मी फिरलो असतो, काहीतरी थाप मारली असती, म्हणून शिट्टीला पाठवलाय. तुझ्या गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता त्याच्या खिशात आहे, उद्या सकाळी नऊची वेळ घेतलीय, आणि तुला दवाखान्याच्या दारात पोचवल्याशिवाय परत यायचं नाही असं त्याला बजावलंय. आत्ता त्याच्यासमोर बस. समोर बघ, मान हलवू नकोस. तो डावीकडे आणि उजवीकडे हात धरेल, तुला दिसतात का ते त्याला खरं सांग. माझ्यासारखं हो म्हणू नकोस.

तुझाच,
बाबा